पुराच्या खुणेपासून तीन मिनिटांच्या चित्रकथेपर्यंत : वर्गात डिजिटल कथाकथन कसे घ्यावे

डिजिटल कथाकथन म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली, स्वतःच्या आवाजात वाचलेली आणि मोजक्या छायाचित्रांवर किंवा रेखाटनांवर बसवलेली दोन-तीन मिनिटांची चित्रकथा. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात जो लॅम्बर्ट आणि डेना अ‍ॅचली यांच्या कार्यशाळांतून ही पद्धत आकाराला आली. साध्या माणसाने आपला अनुभव आपल्याच आवाजात सांगावा, हा तिचा मूळ आग्रह आजही तसाच आहे. पुढील मार्गदर्शन कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातील आठवीचा एक वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. वर्गात चाळीस मुले, शिक्षकाचा एक स्मार्टफोन, शाळेतील एक संगणक आणि एक प्रोजेक्टर किंवा टीव्ही, एवढ्यावर हा सारा उपक्रम होतो.

या कामात निम्म्याहून अधिक वेळ यंत्राला हात न लावता गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मी पहिल्या वर्षी मुलांना थेट संगणकासमोर बसवले. दोन तासिका अक्षरांचे रंग आणि सरकत्या पानांचे परिणाम निवडण्यात गेल्या, आणि शेवटी तयार झालेल्या आठही चित्रफितींत सांगण्यासारखे असे काही नव्हते. त्यानंतर क्रम बदलला : आधी प्रश्न, मग मुलाखत, मग लेखन, मग आवाज, त्यानंतर चित्रे आणि सर्वांत शेवटी जुळणी. हा क्रम मोडू नये, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचे मोजमाप आधीच्या पायरीतून मिळते.

विषय देऊ नका, प्रश्न शोधायला लावा

‘कोल्हापूरचा महापूर’ हा विषय दिला की मुले आंतरजालावरून चार परिच्छेद उतरवून आणतात. त्याऐवजी मुलांना घरातील, गल्लीतील किंवा रानातील एक वस्तू किंवा एक खूण शोधून आणायला सांगावी आणि तिच्याविषयी एकच प्रश्न लिहायला लावावा. पंचगंगेकाठच्या गावांत आणि शहराच्या सखल भागांत अनेक घरांच्या भिंतींवर २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. ‘ही रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे, मग त्या रात्री आजी कुठे होती?’ हा प्रश्न चित्रकथेला पुरेसा आहे. त्याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही आणि घरातील एका माणसाला विचारल्यावाचून ते मिळत नाही.

सगळ्यांनी पुरावरच काम केले पाहिजे असे अर्थातच नाही. कागल किंवा शिरोळकडची मुले उसाच्या गाड्यापासून गुळाच्या ढेपेपर्यंतचा प्रवास मांडू शकतील. गुऱ्हाळावर रस काहिलीत, म्हणजे उकळण्याच्या मोठ्या कढईत, कधी पडतो, मळी कशी काढतात, काहील उतरवायची वेळ झाली हे गुळव्या (गूळ बनवणारा) कशावरून ओळखतो, हे प्रश्न विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडतात. शहरातील मुलांना तालमीचा हौदा, चप्पल बनवणाऱ्याची आरी किंवा रंकाळ्याच्या काठावरचे एखादे झाड घेता येईल. प्रश्न एका ओळीत मावतो का आणि त्याचे उत्तर देणारा माणूस चालत जाऊन भेटता येईल एवढ्या अंतरावर आहे का, या दोनच कसोट्या लावाव्यात.

पुराच्या विषयाबाबत एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. ज्या घराने त्या दिवसांत माणूस, जनावरे किंवा सगळा संसार गमावला, त्या घरातील मुलावर हा विषय कधीही लादू नये. शिक्षकाने आधी त्या मुलाशी एकांतात बोलावे आणि त्याने नको म्हटले तर कारण न विचारता त्याला दुसरी वस्तू निवडू द्यावी.

चाळीस मुलांचे पाच-पाचचे आठ गट करावेत. आठ गटांच्या तीन-तीन मिनिटांच्या चित्रकथा चोवीस मिनिटांत दाखवून होतात आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चर्चेलाही वेळ उरतो. गटात एक मुलाखत घेणारा, एक लिहिणारा, एक वाचणारा, एक चित्रे सांभाळणारा आणि एक जुळणी करणारा, अशी कामे वाटून द्यावीत. मसुदा मात्र पाचही जणांनी मिळून तपासावा.

मुलाखत आणि पडताळणी

मुलाखतीला जाण्यापूर्वी मुलांकडून पाच-सहा प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्यांतील ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचे प्रश्न खोडावेत. ‘आजी, तुम्हांला भीती वाटली का?’ या प्रश्नाला ‘वाटली की’ एवढेच उत्तर येते. ‘पाणी आत येताना तुम्ही सगळ्यांत आधी काय उचललं?’ असे विचारले की माणूस बोलू लागतो. आमच्या एका गटाला या प्रश्नावर मिळालेले उत्तर असे होते : ‘पानी उंबऱ्याला लागलं, तवा आधी म्हस सोडली. भांडीकुंडी काय, मागनं येत्यात.’ हे वाक्य जसेच्या तसे ठेवावे. निवेदन प्रमाण मराठीत असावे, पण सांगणाऱ्या माणसाची बोली शुद्ध करायला जाऊ नये, कारण ‘तिने प्रथम म्हैस मुक्त केली’ असे लिहिले की ती आजी त्या कथेतून निघून जाते.

ध्वनिमुद्रण सुरू करण्यापूर्वी परवानगी मागावी आणि ती मागणारे वाक्यही मुद्रित व्हावे. आजोबांना, आजींना किंवा शेजारच्या काकूंना हे शाळेत दाखवले जाणार आहे, एवढे तरी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

आठवणींना मोजमापाची जोड द्यावी लागते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, तर २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. मुलांनी मोजपट्टीने आपल्या भिंतीवरील रेघेची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि ती वहीत नोंदवावी. बंधाऱ्यावरील फूट आणि घरातील भिंतीवरील फूट ही वेगवेगळ्या शून्यापासून मोजलेली मापे आहेत, हे येथेच समजावून द्यावे. भूगोलाच्या शिक्षकांना बरोबर घेतले तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ कसे एकत्र येते, हेही नकाशावर दाखवता येते आणि मुलांच्या मनात आपले गाव नदीच्या संदर्भात पक्के बसते. कोणी ‘शंभर वर्षांत असा पूर आला नव्हता’ असे सांगितले, तर ते निवेदनात स्वतःचे विधान म्हणून न घालता ‘आजोबा म्हणतात’ असे घालावे. १९८९ आणि २००५ सालीही येथे मोठे पूर आले होते, हे मुलांनी शोधून काढले की ऐकीव माहिती आणि तपासलेली माहिती यांतला फरक त्यांना उपदेशाशिवाय कळतो.

अडीचशे शब्दांचा मसुदा

आठवीतील मूल सावकाश आणि स्पष्ट वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचते. म्हणून अडीच मिनिटांच्या कथेसाठी अडीचशे शब्द हीच मर्यादा ठेवावी. मुले पहिल्या खेपेस पाचशे शब्द लिहून आणतात, आणि ते निम्मे करणे हेच या उपक्रमातील भाषेचे खरे शिक्षण आहे. काय काढावे, यासाठी मी तीन गोष्टी सुचवतो : पहिला परिच्छेद काढून पाहावा, कारण तो बहुधा प्रस्तावना असतो, चित्रातून दिसणारे वर्णन काढावे, कारण ‘भिंत पिवळी आहे’ हे सांगावे लागत नाही, आणि शेवटचा बोध काढावा, कारण तो मुलांना वाटलेला नसतो, शिक्षकांना आवडेल म्हणून लिहिलेला असतो.

मसुदे वर्गात गोलाकार बसून मोठ्याने वाचावेत. ऐकणाऱ्याने फक्त दोन गोष्टी सांगायच्या : कोणते वाक्य लक्षात राहिले आणि कुठे समजले नाही. ‘छान आहे’ म्हणायला बंदी असावी. या एका तासिकेत मसुद्यांत जेवढी सुधारणा होते, तेवढी माझ्या लाल शाईने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

चित्रफलक

पाठकोऱ्या कागदाच्या घड्या घालून दहा चौकोन करावेत. प्रत्येक चौकोनात दिसणाऱ्या चित्राचे ओबडधोबड रेखाटन आणि त्याखाली त्या वेळी ऐकू येणारे वाक्य लिहावे. अडीच मिनिटांत दहा चित्रे म्हणजे एका चित्राला पंधरा सेकंद मिळतात. यापेक्षा फार जास्त चित्रे असली तर डोळा आवाजाच्या पुढे धावतो.

ही रीत कोल्हापूरला नवी नाही. चित्रपटनिर्माते बाबूराव पेंटर यांनी याच शहरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, देशी बनावटीचा कॅमेरा तयार केला आणि चित्रीकरणाआधी वेशभूषा व पात्रे कागदावर रेखाटण्याची शिस्त पाळली. पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही कोल्हापुरातच झाली. मुलांना हे अवश्य सांगावे, कारण आपल्या हातातील कागदाचे चौकोन आपल्याच गावातील एका मोठ्या परंपरेला जोडलेले आहेत हे कळल्यावर ती ते चौकोन अधिक मनापासून भरतात.

चित्रफलक ठरवताना एक नियम पाळावा. वाचले जाणारे वाक्य पडद्यावर अक्षरांतही दाखवू नये. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यम अध्ययनावर (शब्द, आवाज आणि चित्रे यांतून शिकण्यावर) केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की चित्र आणि निवेदन यांच्या जोडीला तेच शब्द पडद्यावर आले की समज वाढण्याऐवजी बहुधा घटते, कारण डोळ्यांना चित्र आणि अक्षरे या दोहोंकडे एकाच वेळी पाहावे लागते. पडद्यावर फक्त नावे, आकडे आणि वर्षे द्यावीत. वर्गात ऐकण्याची अडचण असलेले मूल असेल तर हा नियम बाजूला ठेवून पूर्ण उपशीर्षके द्यावीत.

आवाजाचे मुद्रण

चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक समजून घेतो, पण आवाज नीट ऐकू येत नसेल तर तो मिनिटभरात लक्ष काढून घेतो. म्हणून सगळ्यांत जास्त मेहनत येथे घ्यावी. वर्गखोलीत भिंतींवरून आवाज घुमतो. ग्रंथालयाची लहान खोली, पुस्तकांची कपाटे आणि जमिनीवर अंथरलेली सतरंजी असेल तर तो घुमारा बराच कमी होतो. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि मधल्या सुट्टीची वेळ टाळावी. आमचे एक पूर्ण मुद्रण छताच्या पंख्याच्या घरघरीमुळे वाया गेले, आणि ती घरघर मुद्रण करताना आमच्यापैकी कोणालाही जाणवली नव्हती.

फोन विमान मोडवर ठेवावा, नाहीतर ऐन वाचनात फोन येतो. फोन तोंडापासून एक वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा फटका माइकवर बसत नाही. फोन मुलाच्या हातात न देता पुस्तकांच्या चळतीवर ठेवावा. वाचन सुरू करण्यापूर्वी पाच सेकंद पूर्ण शांतता मुद्रित करावी, तिचा उपयोग पुढे होतो. चूक झाली तर मुद्रण न थांबवता मुलाने एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावे. टाळीचा उंच ठसा संगणकावरील ध्वनिरेखेत लगेच दिसतो आणि नको असलेला तुकडा शोधायला सोपा जातो.

सफाईसाठी ऑडॅसिटी ही मोफत आणि मुक्त प्रणाली पुरेशी आहे. फोनवरील एम४ए प्रकारची फाइल तिच्यात उघडली नाही, तर एफएफएमपेग हा जोड घटक बसवावा, किंवा फोनवर मुळातच डब्ल्यूएव्ही प्रकारात मुद्रण करावे. सुरुवातीच्या शांततेचा तुकडा निवडून ‘इफेक्ट’ मेनूतील ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबावे. मग संपूर्ण मुद्रण निवडून तोच परिणाम पुन्हा लावावा. तीव्रता १२ डेसिबलच्या पुढे नेऊ नये, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. टाळीजवळचे चुकलेले तुकडे कापून टाकावेत, पण श्वासाच्या जागा ठेवाव्यात.

संगणकाकडून तयार आवाजात निवेदन करून घेण्याची सोय आता सहज मिळते. या उपक्रमात ती वापरू नये. लाजरे मूल पाचव्या प्रयत्नात का होईना, स्वतःच्या आवाजात आपले अडीचशे शब्द पूर्ण वाचते, आणि त्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले पुराचे चित्र तर अजिबात वापरू नये, कारण ते खऱ्या घटनेची खोटी साक्ष ठरते.

चित्रे : काढलेली, मागितलेली आणि मोफत मिळणारी

सर्वांत उत्तम चित्र मुलांनी स्वतः काढलेले. फोन आडवा धरावा, कारण पडदा आडवा असतो. खिडकीचा प्रकाश वस्तूवर एका बाजूने पडू द्यावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. भिंतीवरील रेघेचे छायाचित्र घेताना तिच्या शेजारी एखादे मूल उभे करावे, म्हणजे उंची सांगावी लागत नाही. घरातील जुन्या फोटोंची चित्रे खिडकीजवळ सपाट ठेवून, फोन बरोबर वर धरून घ्यावीत आणि फोटो अल्बममधून उचकटू नयेत. जिथे फोटो नाही, तिथे चित्रकलेच्या वहीतील रेखाटन घ्यावे. पाण्यात उभ्या असलेल्या म्हशीचे पेन्सिलने काढलेले चित्र मी पाहिले आहे, आणि बातम्यांतील कोणत्याही छायाचित्रापेक्षा ते मला अधिक खरे वाटले.

ही चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र दाबून लहान केले जाते आणि मोठ्या पडद्यावर फाटल्यासारखे दिसते.

वृत्तपत्रातील छायाचित्रे आणि चित्रपटगीते यांबाबत मुलांना सुरुवातीपासून शिस्त लावावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ शिक्षक आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अध्यापनाच्या ओघात काही सवलत देते, पण तीच चित्रफीत यूट्यूबवर चढवली की ती सवलत गृहीत धरता येत नाही. विकिमीडिया कॉमन्स या संकेतस्थळावरील चित्रे आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मराठी कथा व चित्रे मुक्त परवान्यांखाली मिळतात, मात्र चित्रकाराचे नाव आणि परवाना शेवटच्या पानावर द्यावाच लागतो. पार्श्वसंगीताची बहुतेक वेळा गरजच नसते. त्याऐवजी पावसाचा, नदीचा किंवा म्हशीच्या गळ्यातील घुंगरांचा आवाज मुलांनी स्वतः मुद्रित केला, तर कथा त्याच गावात राहते.

मुलांचे चेहरे आणि नावे यांविषयी आणखी एक गोष्ट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती आवश्यक असते. पालकसभेत साध्या मराठीतील संमतिपत्र द्यावे आणि त्यात ‘वर्गात दाखवणे’, ‘शाळेच्या स्नेहसंमेलनात दाखवणे’ आणि ‘आंतरजालावर ठेवणे’ असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. बरेच पालक पहिल्या दोहोंना होकार आणि तिसऱ्याला नकार देतात, आणि तो नकार पूर्णपणे पाळावा.

जुळणी

शाळेच्या संगणकावर पॉवरपॉइंट असेल तर दहा सरकपाने (स्लाइड) करून प्रत्येकावर एक चित्र ठेवावे. निवेदनाची फाइल पहिल्या पानावर घालून ‘प्ले अ‍ॅक्रॉस स्लाइड्स’ निवडावे, प्रत्येक पानाला चित्रफलकातील सेकंद द्यावेत आणि ‘एक्स्पोर्ट’मधून व्हिडिओ तयार करावा. लिनक्स असेल तर ओपनशॉट हे चित्रफीत जुळवण्याचे सॉफ्टवेअर घ्यावे. ते मोफत आहे आणि विंडोजवरही चालते. त्यात पहिल्या पट्टीवर आवाज आणि दुसऱ्या पट्टीवर चित्रे ठेवून चित्रांची लांबी आवाजाच्या खुणांशी जुळवावी. आवाज एकदा ठेवला की तो हलवायचा नाही, चित्रेच मागेपुढे करायची. दोन चित्रांमध्ये साधा छेद किंवा फार तर हलकी विरघळ (एक चित्र मावळत असताना दुसरे उमटणे) ठेवावी. चित्र फिरत येणे, उसळत येणे असले परिणाम मी पूर्ण वर्ज्य केले आहेत.

मराठी अक्षरांबाबत एक अडचण हमखास येते. शाळांच्या कार्यालयांत जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले टंक (फॉन्ट) अजून वापरात आहेत. तो मजकूर चित्रफितीच्या प्रणालीत चिकटवला की त्याची निरर्थक चिन्हे होतात. म्हणून शीर्षके युनिकोडमध्येच टाइप करावीत. फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक किंवा बोलून टाइप करण्याची सोय वापरता येते. मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखे मोफत टंक ठळक वजनात वापरावेत आणि अंतिम चित्रफितीत ‘र्‍या’, ‘ल्ह’, ‘ज्ञ’ यांसारखी जोडाक्षरे तुटली नाहीत ना, हे थांबवून पाहावे.

एका संगणकावर आठ गटांची जुळणी एकाच तासिकेत होत नाही, हे आधीच मान्य करावे. रोज एका गटाला चाळीस मिनिटे द्यावीत आणि बाकीच्यांनी आपला नेहमीचा अभ्यास चालू ठेवावा. अशा रीतीने आठ शालेय दिवसांत काम पुरे होते. प्रत्येक गटाचे वेगळे फोल्डर करून त्यात आवाज, चित्रे, मसुदा आणि प्रकल्प फाइल एकत्र ठेवावी आणि दर दिवसाअखेर पेनड्राइव्हवर प्रत घ्यावी. चित्रे दुसरीकडे हलवली की प्रकल्प फाइल ती शोधू शकत नाही आणि पडदा काळा होतो.

गुण आणि पहिले प्रदर्शन

मूल्यमापन वीस गुणांचे ठेवल्यास प्रश्न आणि माहितीची पडताळणी यांना सहा, लेखनाला सहा, वाचनाला चार, चित्रांच्या निवडीला तीन आणि श्रेयनामावलीला एक, अशी विभागणी मला योग्य वाटते. तांत्रिक करामतींना एकही गुण देऊ नये आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. गुण गटाला दिले तरी प्रत्येक मुलाकडून ‘मी काय बदलले आणि का’ यावर पाच ओळी लिहून घ्याव्यात, म्हणजे गटात कोणी नुसते बसून राहिले का, ते कळते.

वर्गात किंवा स्नेहसंमेलनात दाखवण्यापूर्वी चित्रकथा ज्या माणसाची आहे त्याला घरी जाऊन दाखवावी. फोनवर दाखवली तरी चालते. म्हैस सोडणाऱ्या आजींनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, ‘समदं बराबर हाय, पर म्हस एक न्हवती, दोन हुत्या. दुसरी घावली न्हाई.’ मुलांनी दुसऱ्या दिवशी एक वाक्य नव्याने मुद्रित केले, वहीतील चित्रात दुसरी म्हैस काढली आणि पेनड्राइव्हवरील मूळ प्रकल्प फाइल उघडून अर्ध्या तासात चित्रफीत पुन्हा तयार केली. म्हणून प्रदर्शनाची तारीख घरच्या दाखवणीनंतर किमान तीन दिवसांनी ठेवावी आणि तोपर्यंत फोल्डरमधील एकही फाइल पुसू नये.